पृष्ठभागावरची नेमकी जागा: संगणकाने उत्प्रेरक शोधण्याविषयी

संगणकाने नवा उत्प्रेरक शोधून काढला, अशा मथळ्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. यंत्राने लाखो पदार्थ चाळले आणि त्यातून एक अचूक निवडून दिला, असे चित्र त्यांतून उभे राहते. मी याच क्षेत्रात काम करते. संगणकात धातूंच्या पृष्ठभागांवर रेणू बसवून त्यांच्या ऊर्जा काढणे हा माझा रोजचा उद्योग आहे आणि त्याविषयी मला मनापासून आस्था आहे. म्हणूनच हे चित्र अपुरे आहे, असे मला सांगावेसे वाटते. चाळणी लावणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. चाळताना मोजायचे काय हे ठरवणे अवघड आहे, आणि जे मोजले ते खऱ्या उत्प्रेरकावर जिथे अभिक्रिया घडते त्याच जागेचे आहे याची खात्री करून घेणे त्याहूनही अवघड आहे. पहिल्या प्रश्नावर गेल्या तीस वर्षांत फार मोलाचे काम झाले. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र, निदान घाईघाईने केलेल्या कामांत, अजूनही दुर्लक्ष होते.

गणनाची सोय नव्हती तेव्हा हा शोध कसा चालत असे, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमोनियाचे आहे. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून उच्च दाबाखाली अमोनिया तयार करून दाखवला, तेव्हा त्यांचा उत्प्रेरक ऑस्मियम होता, आणि हा धातू इतका दुर्मिळ की त्याच्या भरवशावर मोठा कारखाना उभा करणे शक्यच नव्हते. बीएएसएफ कंपनीत अल्विन मिटाश यांनी पर्यायाचा शोध हाती घेतला आणि १९१२ पर्यंत सुमारे अडीच हजार पदार्थांवर साडेसहा हजारांच्या आसपास चाचण्या केल्या. स्वीडनमधून आलेल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या एका नमुन्याने अनपेक्षितपणे चांगले काम केले. त्यात कोणती अशुद्ध द्रव्ये मिसळलेली आहेत याचा माग काढत गेल्यावर लोह, थोडे ॲल्युमिना आणि थोडे पोटॅशियम असे सूत्र हाती आले, आणि तेच सूत्र थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. मिटाश यांचे काम म्हणजे अंधारात चाचपडणे होते, असे काही वेळा म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण कोणते द्रव्य मिसळल्याने काय बदलते याची इतकी पद्धतशीर नोंद त्याआधी क्वचितच कोणी ठेवली असेल. त्यांच्याकडे नव्हते ते एवढेच, की लोहच का, या प्रश्नाचे उत्तर. ते मिळायला अनेक दशके लागली. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध लोहाच्या पृष्ठभागावर तुटणे हीच या अभिक्रियेतली सर्वांत संथ पायरी आहे, हे गेऱ्हार्ड एर्टल यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले, आणि पृष्ठभाग रसायनशास्त्रातील कामासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संथ पायरी कोणती हे एकदा कळले, की प्रश्नाचे रूपच बदलते. हजारो पदार्थ भट्टीत घालण्याऐवजी प्रत्येक पदार्थासाठी त्या एका पायरीची ऊर्जा काढता येईल का, असे विचारता येते. ती काढण्याचे मुख्य साधन म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, अर्थात डीएफटी. होहेनबर्ग आणि कोह्न यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले, की एखाद्या प्रणालीची किमान ऊर्जा तिच्यातील इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पूर्णपणे ठरते. प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या हालचालीचा स्वतंत्र हिशेब ठेवणारे प्रचंड गुंतागुंतीचे तरंगफलन त्यासाठी लागत नाही. पुढच्याच वर्षी कोह्न आणि शाम यांनी ही गोष्ट प्रत्यक्ष गणनात उतरवण्याची रीत दिली. त्या रीतीत एकच पद असे आहे, की ज्याचे नेमके रूप माहीत नाही आणि ज्यासाठी अंदाजी सूत्र वापरावे लागते. वॉल्टर कोह्न यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ते अंदाजी पद मात्र आजही अंदाजीच आहे, आणि त्याची किंमत काय मोजावी लागते हे एका साध्या गणनात पाहता येते.

समजा, प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कुठे बसतो हे पाहायचे आहे. आपण प्लॅटिनमच्या अणूंचे चार थर रचतो, खालचे दोन थर धातूच्या आतल्या भागासारखे स्थिर धरतो, वरच्या दोघांना हलण्याची मुभा देतो, आणि त्यांच्यावर साधारण पंधरा अँगस्ट्रॉमची (म्हणजे दीड नॅनोमीटरची) पोकळी ठेवून हा तुकडा सर्व दिशांना अनंतपणे पुनरावृत्त होतो असे मानतो. या तुकड्याला आम्ही स्लॅब म्हणतो. मग रेणूला वेगवेगळ्या जागी ठेवून पाहतो: एका अणूच्या डोक्यावर, दोन अणूंच्या मधल्या पुलावर, आणि तीन अणूंच्या मधल्या खळग्यात, ज्याचे पुन्हा दोन प्रकार असतात. प्रत्येक ठिकाणी संगणक इलेक्ट्रॉनांची घनता जुळेपर्यंत फेऱ्या मारतो, अणूंवरचे बल काढतो, अणू किंचित सरकवतो आणि पुन्हा घनता जुळवायला बसतो. बले जवळपास शून्यावर आली, की जी ऊर्जा उरते ती त्या जागेची. चारही जागांच्या ऊर्जा शेजारी शेजारी मांडल्या, की नेहमीची सूत्रे खळग्याच्या बाजूने कौल देतात. प्रयोग मात्र निःसंदिग्धपणे सांगतो, की पृष्ठभाग विरळ व्यापलेला असताना रेणू अणूच्या डोक्यावरच बसतो. ही विसंगती २००१ मध्ये एका संशोधनलेखात कोडे म्हणूनच मांडली गेली आणि पुढे तिचे कारणही उलगडले: ही सूत्रे कार्बन मोनॉक्साइडच्या रिकाम्या कक्षकाची (इलेक्ट्रॉन सामावू शकणाऱ्या अवस्थेची) पातळी वाजवीपेक्षा खाली दाखवतात, त्यामुळे धातूकडून रेणूकडे जाणारे इलेक्ट्रॉन जास्त मोजले जातात, आणि नेमका तोच परिणाम खळग्यात अधिक असतो.

अधिशोषणाच्या, म्हणजे रेणू पृष्ठभागाला चिकटण्याच्या, ऊर्जेत ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) चूक या क्षेत्रात अगदी सामान्य समजली जाते. ऐकायला ती नगण्य वाटते, पण अभिक्रियेचा वेग ऊर्जेवर घातांकाने अवलंबून असतो. सक्रियण ऊर्जेत, म्हणजे अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्यात, एवढी चूक झाली, तर ५०० केल्व्हिनला वेगाचा अंदाज सुमारे शंभर पटींनी चुकतो आणि खोलीच्या तापमानाला दोन हजार पटींहून अधिक. एकट्या उत्प्रेरकाचा वेग शून्यापासून अचूक सांगणे म्हणूनच फार धाडसाचे ठरते. तरीही हे शास्त्र उपयोगी पडते, कारण एकाच सूत्राची चूक सारख्या स्वरूपाच्या धातूंवर बहुधा एकाच दिशेने होते. लोह, रुथेनियम आणि कोबाल्ट यांच्या ऊर्जा वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येकीत चूक असते, पण त्यांच्यातला फरक बराच विश्वासार्ह असतो. कोण किती वेगवान आहे यापेक्षा कोण कोणाच्या पुढे आहे, हे गणनाला जास्त चांगले कळते.

या क्रमवारीला अर्थ देणारे तत्त्व संगणकाच्या फार आधीचे आहे. पॉल साबात्ये यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेला विचार असा, की उत्प्रेरकाने रेणूला फार सैल धरले तर बंध तुटत नाहीत आणि फार घट्ट धरले तर तयार झालेला पदार्थ पृष्ठभाग सोडत नाही. बंधाच्या ताकदीसमोर वेग मांडला, की दोन्ही बाजूंनी उतरणारा आलेख मिळतो. त्याला ज्वालामुखी आलेख म्हणतात आणि सर्वोत्तम पदार्थ शिखराजवळ असतो. डीएफटीने या तत्त्वात घातलेली भर माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. येन्स नोर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की कार्बन, नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांच्यावर हायड्रोजन चढवून होणाऱ्या तुकड्यांच्या अधिशोषण ऊर्जा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एका धातूकडून दुसऱ्याकडे जाताना त्या सरळ रेषेत सोबत बदलतात. यांना स्केलिंग रिलेशन म्हणतात. बंध तुटण्याचा अडथळाही अशाच रेषेने अंतिम अवस्थेच्या ऊर्जेशी बांधलेला असतो. एखाद्या अभिक्रियेत वीस मध्यस्थ तुकडे असले, तरी पृष्ठभागाविषयी एक किंवा दोन आकडे कळले की बाकीच्यांचा बराचसा अंदाज येतो. त्या आकड्यांना आम्ही डिस्क्रिप्टर म्हणतो, आणि चाळताना काय मोजायचे याचे उत्तर तेच आहेत.

याचा उपयोग किती नेमकेपणाने होऊ शकतो, हे २००८ च्या एका कामात दिसते. पॉलिथिलीन बनवण्यासाठी लागणाऱ्या इथिलीनमध्ये थोडे ॲसिटिलीन मिसळलेले असते आणि ते काढून टाकावेच लागते, कारण पुढच्या टप्प्यातला उत्प्रेरक त्याने निकामी होतो. यासाठी उद्योगात पॅलेडियम वापरतात, बहुधा चांदीची जोड देऊन. इथे उत्प्रेरकाकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात: ॲसिटिलीनला त्याने एवढे घट्ट धरावे की त्यावर हायड्रोजन चढेल, पण तयार झालेल्या इथिलीनला एवढे सैल धरावे की त्याचे इथेन होण्याआधी ते निसटून जाईल. गणनातून असे दिसले, की या दोन्ही रेणूंच्या अधिशोषण ऊर्जा मेथिल (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) या एकाच तुकड्याच्या ऊर्जेशी रेषेने बांधलेल्या आहेत. म्हणजे एकीत हवा तसा बदल करून दुसरी आहे तिथेच ठेवता येत नाही, आणि चांगल्या उत्प्रेरकांसाठी मेथिल ऊर्जेचा एक अरुंद पट्टाच शिल्लक राहतो. पॅलेडियम आणि चांदीचे संमिश्र त्या पट्ट्यात पडत होतेच. त्या जोडीला धातूंच्या किमतीही विचारात घेतल्यावर निकेल आणि जस्त यांची संमिश्रे पुढे आली, आणि ती प्रत्यक्ष तयार करून तपासल्यावर निवडक असल्याचे आढळले. हे काम मला आदर्श वाटते ते त्यातून स्वस्त धातू मिळाला म्हणून नव्हे. पॅलेडियममध्ये चांदी का घालतात, या उद्योगात आधीपासून चालत आलेल्या प्रथेचे कारणही त्याच गणनाने दिले, आणि जे जुन्या अनुभवाचा उलगडा करते त्याच्या नव्या भाकितावर विश्वास ठेवावासा वाटतो.

त्याच रेषा मर्यादाही घालून देतात. इंधनघटात ऑक्सिजनचे पाणी होताना मधे येणाऱ्या दोन तुकड्यांच्या ऊर्जांमध्ये आदर्शतः २.४६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक हवा, पण धातूंवर तो जवळपास नेहमी ३.२ च्या आसपास निघतो, कारण दोन्ही तुकडे पृष्ठभागाला ऑक्सिजनच्या एकेरी बंधानेच धरून असतात. कोणताही धातू निवडला तरी हा फरक हलत नाही, त्यामुळे सर्वोत्तम धातूवरही तीन-चार दशांश व्होल्ट वाया जातात. या एका निष्कर्षाने किती निष्फळ चाचण्या वाचल्या असतील, याचा विचार करावा. शिखर कुठे आहे हे सांगण्याइतकेच, शिखराची उंची या वाटेने वाढणारच नाही हे सांगणेही महत्त्वाचे आहे.

चाळणीत सक्रियतेसोबत टिकाऊपणाही मोजावा लागतो. २००६ मध्ये हायड्रोजन वायू तयार करण्यासाठी सातशेहून अधिक द्विधातू पृष्ठभाग तपासले गेले. कागदावर उत्तम वाटणारे अनेक पृष्ठभाग आम्लात विरघळतील किंवा त्यांची रचना मोडेल असे गणनानेच दाखवले आणि बिस्मथ व प्लॅटिनम यांची जोडी टिकणारी म्हणून पुढे आली. प्रयोगात ती शुद्ध प्लॅटिनमपेक्षा सरस ठरली.

आता दुसऱ्या, मला अधिक काळजी वाटणाऱ्या प्रश्नाकडे येते. वर वर्णन केलेला स्लॅब गुळगुळीत आणि निर्दोष असतो. खऱ्या उत्प्रेरकाचे कण काही नॅनोमीटर आकाराचे असतात, त्यांना कडा, कोपरे आणि पायऱ्या असतात, आणि अभिक्रिया बहुधा तिथेच घडते. रुथेनियमवरचे १९९९ चे एक काम मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी आधी वाचायला देते. रुथेनियमच्या अतिशय काळजीपूर्वक तयार केलेल्या सपाट पृष्ठभागावरही अणूंच्या उंचीच्या थोड्या पायऱ्या शिल्लक राहतात. संशोधकांनी त्यावर अगदी थोडे सोने चढवले, पृष्ठभागाच्या एक-दोन टक्क्यांएवढेच, आणि ते सोने पायऱ्यांच्या कडेला जाऊन बसले. एवढ्याने नायट्रोजन तुटण्याचा वेग कोसळला. हिशेब केल्यावर असे निघाले, की ५०० केल्व्हिनला पायरीवरचा वेग सपाट भागापेक्षा किमान नऊ दशमान घातांकांनी, म्हणजे किमान शंभर कोटी पटींनी अधिक आहे. डीएफटीनेही दोन जागांच्या अडथळ्यांत १.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक दाखवला. याचा अर्थ असा, की सपाट रुथेनियमचे कितीही अचूक गणन केले, तरी ते अशा जागेचे गणन ठरते जिथे जवळपास काहीच घडत नाही. इथे सूत्रातली ०.२ ची चूक गौण आहे. जागा चुकली तर त्याच्या सातपट मोठी चूक होते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कथाही याच धर्तीची आहे. हा थरांचा पदार्थ आहे आणि त्याचे रुंद सपाट थर हायड्रोजनच्या बाबतीत निष्क्रिय असतात, त्यामुळे त्याच्याकडे या कामासाठी फारसे कोणी पाहत नव्हते. २००५ मध्ये गणनाने दाखवले, की थरांच्या कडेवर हायड्रोजनची बंधऊर्जा जवळपास शिखराच्या जागी आहे, आणि नायट्रोजन स्थिर करणाऱ्या विकराच्या सक्रिय केंद्राशी त्या कडेचे साम्य आहे. दोन वर्षांनी प्रयोगाने मोजमाप दिले: सक्रियता कणांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नव्हती, कडांच्या लांबीच्या प्रमाणात वाढत होती. त्यानंतर अधिकाधिक कडा उघड्या कशा ठेवता येतील, हा एक स्वतंत्र संशोधनविषयच झाला. दोन्ही उदाहरणांत पदार्थ ओळखीचाच होता. नव्याने कळली ती त्याच्यावरची जागा.

मशिन लर्निंगविषयी माझे मत याच प्रकाशात वाचावे. डीएफटीत अणूंची संख्या दुप्पट केली तर काम साधारण आठपट वाढते, त्यामुळे पायऱ्या, कडा, पाण्याचे थर आणि गर्दीने बसलेले रेणू असे वास्तवाच्या जवळचे नमुने आजवर परवडत नव्हते. २०२० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी ओपन कॅटॅलिस्ट प्रकल्पाचा संच खुला केला. त्यात बारा लाखांहून अधिक अधिशोषण रचना आणि त्यांच्या वाटेवरची सव्वीस कोटींच्या आसपास डीएफटी गणने आहेत. अशा संचावर शिकलेली प्रतिमाने अणूंवरची बले हजारो पटींनी लवकर सांगतात. हे साधन मी स्वतः वापरते आणि त्याचे मला मोठे अप्रूप आहे. पण ते ज्या डीएफटीवर शिकले तिची चूकही त्यात जशीच्या तशी उतरते, आणि ज्या प्रकारच्या जागा त्याने पाहिल्याच नाहीत त्यांच्याविषयी ते तितक्याच आत्मविश्वासाने आकडा देते. या वेगाचा उपयोग एकाच सपाट पृष्ठभागावर आणखी लाखभर संमिश्रे बसवून पाहण्यासाठी झाला, तर तो मला वाया गेल्यासारखा वाटतो. तोच वेग एकाच संमिश्राच्या पन्नास जागा, त्यांच्यावरची गर्दी आणि अभिक्रियेच्या वातावरणात पृष्ठभागाची होणारी पुनर्रचना तपासायला लावला, तर ज्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षे बगल देत आलो त्याला थेट हात घालता येतो. ऑक्सिजनच्या सान्निध्यात धातूचा पृष्ठभाग ऑक्साइड होऊन बसतो, विद्युतघटात तांब्याचे अणू जागा बदलतात. गणन सुरू करताना जो पृष्ठभाग आपण रचला, तो अभिक्रिया चालू असताना तिथे असेलच असे नाही.

यातून निघणारी एक वाट मला सध्या सर्वाधिक आश्वासक वाटते: जिथे जागेविषयी शंका उरणारच नाही असा उत्प्रेरक रचणे. तांब्यासारख्या मंद धातूत सक्रिय धातूचे एकेकटे अणू विखरून बसवले, तर बंध तोडण्याचे काम त्या एकट्या अणूवर होते आणि तुकडे आजूबाजूच्या तांब्यावर सैल बसतात. बंध तोडणारी आणि तुकडे धरून ठेवणारी जागा वेगळी झाल्यामुळे वर सांगितलेल्या रेषांचे बंधनही काही अंशी सुटते. २०२१ मध्ये प्रोपेनपासून प्रोपीन मिळवण्यासाठी अशा एकाकी अणूंच्या संमिश्रांचे गणन झाले. ऱ्होडियम या कामासाठी सहसा कोणी विचारातही घेत नसे. पण गणनाने सांगितले, की ऱ्होडियमचे अणू तांब्यात एकमेकांपासून विलग राहतात आणि कार्बन-हायड्रोजन बंध कमी अडथळ्याने तोडतात. आधी स्वच्छ स्फटिकावरच्या प्रयोगांनी या दोन्ही गोष्टींची स्वतंत्रपणे खातरजमा केली आणि मगच नॅनोकण तयार करण्यात आले. ते सक्रिय आणि निवडक निघालेच, शिवाय कार्बनची काजळी साचून सहजासहजी निकामीही झाले नाहीत. इथे स्लॅबमध्ये रचलेला ऱ्होडियमचा एकटा अणू आणि नॅनोकणावर काम करणारा अणू यांच्या भोवती तेच तांबे होते, आणि भाकीत खरे ठरण्यामागे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण होते.